अडकलेला ड्रॉवर ओढण्याआधी: चॅनेल, खटका आणि पावसाळ्यात फुगलेले लाकूड

घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरातल्या घरांत साफसफाईला वेग येतो. अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात, माळ्यावरची भांडी खाली उतरतात आणि ओट्याखालचे ड्रॉवर व ट्रॉल्या बाहेर काढून त्यांच्या मागे वर्षभर साचलेली घाण काढायचे ठरते. नेमका त्याच दिवशी एखादा ड्रॉवर हटून बसतो. एरवी सुरळीत उघडणारा हा खण शेवटपर्यंत ओढला तरी सुटून हातात येत नाही, किंवा अर्ध्यावर येऊन असा थांबतो की पुढेही जात नाही आणि मागेही. यात योगायोग फारसा नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने हवेतला दमटपणा लाकडात मुरत राहतो आणि नवरात्र साधारणपणे त्या चार महिन्यांच्या अखेरीस येते. म्हणजे लाकूड चांगलेच फुगलेले असते त्याच दिवसांत आपण ड्रॉवर काढायला बसतो.

अशा वेळी हात आपोआप जोर लावू लागतो, आणि या लेखाचा सगळा रोख त्या सवयीविरुद्ध आहे. ड्रॉवर न निघण्याची कारणे मुळात तीन प्रकारची असतात: खटक्याने त्याला मुद्दाम धरून ठेवलेले असते, तो कुठेतरी घासत असतो, किंवा आत काहीतरी आडवे आलेले असते. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि जोराने ओढणे हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही. म्हणून आधी कारण ओळखावे आणि मगच हात लावावा.

## ड्रॉवर नेमका कशावर चालतो?

जुन्या लाकडी कपाटांतले खण लाकडी पट्ट्यांवर सरकत असत. आता ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना किंवा त्याच्या तळाशी पत्र्याचे सरकते मार्ग बसवलेले असतात. सुतार आणि हार्डवेअरवाले त्यांना चॅनेल म्हणतात, आणि पुढे तोच शब्द वापरला आहे. चॅनेलचा एक भाग ड्रॉवरला आणि दुसरा भाग कपाटाच्या बाजूला स्क्रूने पक्का केलेला असतो. आपल्याकडे अनेक घरांत ओट्याखालचे कप्पे कडाप्प्याचे असतात. तेथे कडाप्प्याला भोक पाडून, त्यात गिट्टी, म्हणजे स्क्रूला पकड देणारी खुंटी, ठोकून, तिच्यात स्क्रू पिळलेला असतो. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण जोराचा प्रश्न येईल तेव्हा ही गिट्टीच आधी सुटते.

चॅनेलला दोन कामे करायची असतात. भरलेल्या ड्रॉवरचा भार पेलून त्याला सहज सरकू देणे हे पहिले काम, आणि तो पूर्ण उघडल्यावर पायावर पडू न देणे हे दुसरे. लाटणे, किसण्या, सुऱ्या आणि खलबत्ता यांनी भरलेला ड्रॉवर एका झटक्यात सुटून आला तर काय होईल याचा विचार केला, की हे दुसरे काम किती महत्त्वाचे आहे ते कळते. म्हणूनच प्रत्येक चॅनेलमध्ये शेवटी कसली ना कसली अडवण केलेली असते. ती सोडवण्याची पद्धत चॅनेलच्या प्रकारानुसार बदलते, आणि आपल्या घरी कोणता प्रकार आहे हे ठाऊक नसल्यामुळेच बहुतेक लोक तेथे अडतात.

## आपल्या घरचे चॅनेल कोणते?

ड्रॉवर रिकामा करावा, पूर्ण बाहेर ओढावा आणि मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही बाजूंना पाहावे. बाजूला पांढऱ्या किंवा बदामी रंगाचा पत्रा आणि त्यावर प्लॅस्टिकचे छोटे चाक दिसले, तर ते चाकाचे चॅनेल समजावे. हा प्रकार जुना आणि स्वस्त आहे. यात खटका नसतो. मार्गाच्या शेवटी पत्र्याला एक उंचवटा असतो आणि चाक त्याला अडते. ड्रॉवर शेवटपर्यंत ओढून त्याचे तोंड वर उचलले, की चाक उंचवट्यावरून पार होते आणि ड्रॉवर निघतो. मात्र सर्वांत वरचा ड्रॉवर ओट्याच्या अगदी खाली असेल, तर तोंड उचलायला वर जागाच उरत नाही. अशा वेळी वर उचलण्याचा अट्टहास सोडून एका बाजूच्या चॅनेलचे स्क्रू सैल करावेत आणि ती बाजू मोकळी करून घ्यावी.

बाजूला चकाकत्या पत्र्याच्या एकात एक सरकणाऱ्या पट्ट्या दिसल्या, तर ते टेलिस्कोपिक चॅनेल होय. सध्या सर्वाधिक दिसणारा प्रकार हाच. त्याची उंची सहसा ४५ मि.मी. आणि जाडी १२.७ मि.मी., म्हणजे बरोबर अर्धा इंच असते, आणि म्हणूनच सुतार ड्रॉवरच्या प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा सोडतो. पट्ट्यांच्या मधून पोलादाचे बारीक छर्रे फिरतात आणि ते विखरू नयेत म्हणून एका लांब जाळीत ओवलेले असतात. या जाळीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

बाजूला काहीच दिसत नसेल, तर चॅनेल ड्रॉवरच्या तळाखाली लपवलेले आहे. पुढच्या फळीच्या मागे, खालून हात घातला की डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एकेक चाप लागतो. दोन्ही चाप एकाच वेळी दाबून ड्रॉवर पुढे ओढला आणि किंचित वर उचलला की तो चॅनेलवरून सुटतो. चॅनेल मात्र कपाटातच राहते.

स्टीलच्या ट्रॉल्यांचे थोडे वेगळे असते. काहींची जाळी चौकटीवर नुसती बसवलेली असते आणि वर उचलताच निघते. काहींची चॅनेलला स्क्रूने जोडलेली असते आणि ट्रॉली पूर्ण उघडल्यावर ते स्क्रू दिसतात. टॉर्च लावून शांतपणे पाहिले तर हे लगेच कळते.

## खटका दाबला, तरीही निघत नाही

टेलिस्कोपिक चॅनेलच्या आतल्या पट्टीवर, ड्रॉवर पूर्ण उघडल्यावर दिसेल असा, बोटभर लांबीचा काळ्या प्लॅस्टिकचा खटका असतो. प्रत्येक बाजूला एक. तो दाबला की अडवण सुटायला हवी. पण येथेच बहुतेकांचा धीर सुटतो, आणि त्याची दोन साधी कारणे आहेत.

पहिले कारण असे की दोन्ही खटके एकाच दिशेला दाबायचे नसतात. कारखान्यात डाव्या आणि उजव्या बाजूसाठी बहुधा एकच भाग तयार होतो आणि बसवताना त्यांपैकी एक उलटा होतो. त्यामुळे एका बाजूचा खटका वर उचलावा लागतो, तर दुसऱ्या बाजूचा खाली दाबावा लागतो. कोणता कुठे हे आधी एकेक करून हलवून पाहावे. दोन्हीकडे खाली दाबत राहिलेल्या माणसाचा एक खटका सुटतो आणि दुसरा आणखी घट्ट बसतो, आणि त्याला वाटते की चॅनेल बिघडले आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खटक्याच्या टोकाला एक लहान दात असतो आणि ड्रॉवर शेवटपर्यंत ओढलेला असताना तो दात पत्र्याच्या अडवणीवर टेकलेला असतो. आपण एका हाताने ओढ धरून दुसऱ्या हाताने खटका दाबतो, तेव्हा ओढीचा सगळा ताण त्या दातावर असतो आणि तो जागचा हलत नाही. म्हणून ड्रॉवर आधी बोटाच्या पेरभर आत ढकलावा. ताण गेला की खटका हलक्या बोटानेही दाबला जातो. मग दोन्ही खटके आपापल्या दिशेला दाबून धरावेत आणि ड्रॉवर सरळ, एका पातळीत बाहेर घ्यावा. धूळ आणि तेलकटपणा यांमुळे खटका स्वतःच घट्ट झाला असेल, तर साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या जुन्या टूथब्रशने तो आधी साफ करावा. प्लॅस्टिकवर पक्कड चालवू नये. खटका तुटला तर ड्रॉवर काढण्याची सरळ वाटच बंद होते.

## जरा जोर लावला तर काय बिघडते?

हा आक्षेप रास्त आहे, कारण कधीकधी जोर लावल्यावर ड्रॉवर निघतोही. पण घासून अडलेल्या ड्रॉवरच्या बाबतीत जोराचे गणित आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे चालते. रुंद ड्रॉवरचे एकच टोक धरून ओढले तर ते टोक पुढे येते, दुसरे मागे राहते आणि ड्रॉवर आपल्या वाटेत तिरका होतो. तिरका झालेला ड्रॉवर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांनी बाजूंना दाबतो. हा दाब आपल्याच ओढण्यातून तयार झालेला असतो, त्यामुळे ओढ दुप्पट केली की दाब दुप्पट होतो आणि दाबाबरोबर घर्षणही दुप्पट होते. ठरावीक मर्यादेपलीकडे तिरके धरले, तर कितीही ओढा, घर्षण नेहमी ओढीला पुरून उरते. सुटणे अवलंबून असते ते आपण कुठे धरतो यावर, किती ओढतो यावर नव्हे. स्टीलच्या डब्याचे झाकण एकाच बाजूने दाबले की ते तिरके बसते आणि जितके दाबावे तितके जास्त अडकते. त्याला मोकळे करून चारही बाजूंनी सारखे दाबले की अलगद बसते. येथे घडते तेही हेच.

ड्रॉवर जसजसा बाहेर येतो तसतसा चॅनेलच्या पकडीत राहिलेला त्याचा भाग आखूड होत जातो, आणि तो जितका आखूड तितके तिरके होणे सोपे. अर्ध्यानंतर अडणारे ड्रॉवर म्हणूनच जास्त आढळतात. उपाय साधा आहे: ड्रॉवर पूर्ण आत ढकलावा, मधल्या मुठीऐवजी पुढच्या फळीची दोन्ही टोके दोन हातांनी धरावीत आणि दोन्ही हातांनी सारखे, सावकाश ओढावे. हलवत हलवत, थोडे आत-थोडे बाहेर असे केले तर आणखी बरे.

आता झटका दिल्यावर काय तुटते ते पाहू. पार्टिकल बोर्ड हा लाकडाचा चुरा चिकटवून केलेला असतो, आणि त्यातला स्क्रू एकदा उपटला की त्या भोकात तो पुन्हा पकड धरत नाही. कडाप्पा कठीण असला तरी ठिसूळ असतो. गिट्टी निसटताना भोकाची कड कधी कधी सोबत घेऊन येते. आणि ओट्याखालून शेगडीच्या गॅसची नळी गेलेली असेल, तर अचानक सुटलेला किंवा तिरका झालेला ड्रॉवर तिला ओढू शकतो. ड्रॉवर काढण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे ही माझ्या मते या कामातली पहिली पायरी असायला हवी, आणि तीच बहुतेक जण विसरतात.

## फुगलेले लाकूड ओळखायचे कसे?

आवाज आणि जागा, या दोन गोष्टी बरेच काही सांगतात. ड्रॉवर दर वेळी एकाच ठिकाणी ‘खट्’ असा धातूचा आवाज करून थांबत असेल, तर चॅनेलमधला एखादा स्क्रू सैल होऊन त्याचे डोके बाहेर आले आहे आणि सरकणारी पट्टी त्याला आपटते आहे असे बहुधा निघते. फटीतून पोहोचता आले तर तो स्क्रू पिळून बसवावा. एवढ्यानेच पुष्कळ ड्रॉवर सुधारतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत घासल्याचा आवाज येत असेल आणि बाजूच्या फळीवर चकचकीत पट्टा उमटला असेल, तर लाकूड फुगले आहे. ड्रॉवर पूर्वीपेक्षा कमी उघडत असेल, तर छर्ऱ्यांची जाळी हळूहळू आपल्या जागेवरून सरकलेली असते. ड्रॉवर एकदा घट्ट बंद करून मग दोन्ही हातांनी शेवटपर्यंत ठामपणे उघडला की ती बहुधा जागेवर येते.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. प्लायवुडमध्ये थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीत फारसे वाढत नाही, जाडीत मात्र थोडे वाढते. पार्टिकल बोर्डाची कड उघडी राहिली असेल तर ती पाणी शोषते, जाड होते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. दोन्ही बाजूंना मिळून एक इंचाची जागा असते आणि तीही चॅनेलनेच भरलेली, हे लक्षात घेतले तर एक-दोन मिलिमीटरची वाढ पुरेशी का पडते ते उमगते. प्लाय किंवा लाकडाचा ड्रॉवर असेल तर तो रिकामा करावा, जितका उघडतो तितका उघडा ठेवावा आणि एक-दोन दिवस पंख्याचा वारा द्यावा. घाई नसेल तर दिवाळीपर्यंत थांबावे. ऑक्टोबरच्या उन्हात कोरडी झालेली हवा अर्धे काम आपणहून करते.

## आत काहीतरी आडवे आले असेल तर?

ड्रॉवर तीन-चार बोटे उघडून थांबतो, आत ढकलला की मात्र सहज जातो. असे असेल तर झारा, उलथणे, किसणी किंवा पापडाचा चिमटा उभा राहून वरच्या कडेला अडकला आहे, असे समजायला हरकत नाही. ड्रॉवर जितका उघडतो तितका उघडावा, फटीतून टॉर्च मारून वस्तू कोणती ते पाहावे आणि स्टीलची पट्टी किंवा पातळ कालथा आत सरकवून तिला खाली दाबावे. ते जमले नाही, तर खालचा ड्रॉवर आधी काढावा. त्या मोकळ्या जागेतून वरच्या ड्रॉवरचा तळ हाताने खालून हलक्याने थोपटला की अडकलेली वस्तू बऱ्याचदा आडवी पडते. खूप भरलेल्या ड्रॉवरचा पातळ तळ खाली झोळ धरतो आणि खालच्या ड्रॉवरमधल्या भांड्यांवर टेकतो, हीदेखील अडवणूकच. तेव्हा भार कमी करण्यावाचून इलाज नाही.

## तेल सोडले तर सुटेल का?

गोडे तेल किंवा खोबरेल तेल चॅनेलमध्ये अजिबात सोडू नये. पहिले काही दिवस ड्रॉवर छान चालतो, पण स्वयंपाकघरात पिठाची धूळ असते, आणि आपल्याकडे तर वर्षभराच्या चटणीचे डबे त्याच ट्रॉलीत असतात. डबा उघडताना सांडलेली चिमूटभर चटणी आणि तेल यांचा छर्ऱ्यांभोवती चिकट लगदा होतो, आणि तो वाळला की छर्रे फिरायचे थांबून घसटत राहतात. आधी चॅनेल कोरड्या ब्रशने झाडावे, मग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवावे आणि त्यानंतर सिलिकॉनचा स्प्रे अगदी थोडा मारावा. लाकूड लाकडावर घासत असेल, तर त्या पट्ट्यावर साधी मेणबत्ती घासलेली उत्तम. चॅनेल गंजले असेल, तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर तसेच ठेवावे. सिंकशेजारच्या आणि मिठाच्या बरणीच्या ट्रॉलीचे चॅनेल इतरांपेक्षा लवकर गंजते, कारण पत्र्यावरचा जस्ताचा पातळ मुलामा ओलावा आणि मीठ फार काळ सोसत नाही.

## पुराचे पाणी येणाऱ्या घरांसाठी

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागांतल्या स्वयंपाकघरांत पंचगंगेचे पाणी शिरले. ज्यांच्या घरात ते शिरले त्यांना हा विषय किरकोळ वाटणार नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. या दोन पातळ्यांमधल्या काळात घर सोडण्याची तयारी चालू असताना खालचे ड्रॉवर भराभर काढून माळ्यावर ठेवता आले, तर ते वाचतात. आणि भराभर काढता येण्यासाठी खटक्याची दिशा आधीच ठाऊक असायला हवी. वेळ मिळेल तेव्हा एकदा प्रत्येक ड्रॉवर काढून पाहावा आणि कोणत्या बाजूचा खटका वर आणि कोणत्या बाजूचा खाली ते आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र ड्रॉवरकडे पाहायचेही नाही.

पाणी ओसरल्यावर ड्रॉवर ओढण्याची घाई करू नये. छर्ऱ्यांमध्ये गाळ बसलेला असतो आणि ओढले की तो पत्र्यावर ओरखडे काढतो. आधी स्वच्छ पाण्याची धार सोडून गाळ धुवावा आणि मग खटके दाबावेत. हातमोजे घालावेत आणि आत हात घालण्याआधी टॉर्चने नीट पाहावे, कारण पुरानंतर अशा अंधाऱ्या ओल्या कोपऱ्यांत विंचू-साप आसऱ्याला येतात. ड्रॉवरच्या मागे साचलेला ओलावा बाहेरून दिसत नाही, म्हणून ते काढल्याशिवाय ओट्याखालची जागा वाळत नाही.

## हे सुताराचे काम नाही का?

काही वेळा आहेच. चॅनेल वाकले असेल, कडाप्प्यातली गिट्टी निघाली असेल किंवा ड्रॉवरचा सांगाडाच फुगून वेडावाकडा झाला असेल, तर सुताराला बोलावणे शहाणपणाचे. पण सणाच्या तोंडावर सुतार मिळत नाही आणि मिळाला तरी खटका दाबून देण्यासाठी त्याला पैसे देण्यात अर्थ नाही. पार्टिकल बोर्डातले एखादे भोक मोठे झाले असेल, तर त्यात फेविकॉल लावलेल्या काड्यापेटीच्या काड्या ठासून, वाळल्यावर कड सपाट कापून स्क्रू पुन्हा पिळता येतो. एवढी दुरुस्ती घरी होते.

## परत बसवताना

काढण्यापेक्षा बसवताना जास्त चॅनेल खराब होतात. कपाटात राहिलेल्या चॅनेलमधली छर्ऱ्यांची जाळी दोन्ही बाजूंना बोटाने पूर्ण पुढे ओढून घ्यावी. ती मागे राहिली तर आत जाणारी पट्टी जाळीच्या तोंडावर आदळते, जाळी वाकते आणि छर्रे टपटप खाली पडतात. ते चॅनेल मग बदलावेच लागते. ड्रॉवरच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एका पातळीत आत घालाव्यात आणि सावकाश ढकलावे. पुढे थोडा विरोध जाणवतो आणि खटके बसल्याचा आवाज येतो. तोपर्यंत ठामपणे, पण तिरके न होऊ देता ढकलत राहावे. नंतर एकदा पूर्ण उघडून शेवटी तो अडतो ना, हे पाहावे. अडला नाही तर एक खटका बसलेला नाही.

चॅनेल बदलायचेच ठरले तर जुने सोबत घेऊन दुकानात जावे. लांबी बंद अवस्थेत मोजतात आणि साधारणपणे १० पासून २२ इंचांपर्यंत दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळते. नेहमी जोडीच घ्यावी, कारण एका बाजूला जुने आणि दुसऱ्या बाजूला नवे बसवले तर दोन्ही सारखी सरकत नाहीत आणि ड्रॉवर पुन्हा तिरका होऊ लागतो. बसवताना आधी लांबट भोकांत स्क्रू हलके पिळावेत, ड्रॉवर दोन-चार वेळा चालवून उंची जुळवून घ्यावी आणि तो कुठेही न घासता बंद होऊ लागला की मगच गोल भोकांतले स्क्रू पक्के करावेत.